तंबोऱ्याची साइट, सहावा आठवडा: वर्णन माझं, ओळ वाचकाची

गेल्या नोंदीत म्हटलं होतं, की मिरजेच्या तंबोऱ्यांवरच्या माझ्या साइटची मेटा वर्णनं (गूगलच्या निकालात शीर्षकाखाली दिसावा म्हणून पानाला जोडलेला छोटा मजकूर) नव्यानं लिहिणार. लिहिली, पण बारांपैकी सहाच पानांची. बाकीची मुद्दाम तशीच ठेवली, नाहीतर फरक कशानं पडला हे कळणार कसं?

भोपळ्याच्या पानाचं जुनं वर्णन होतं, ‘मिरज येथील तंतुवाद्य निर्मितीच्या गौरवशाली परंपरेविषयी सविस्तर माहिती.’ वाचून मलाच जांभई आली. आता तिथं आहे, ‘तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. तो कसा निवडतात, कुठं तडकतो आणि तडकल्यावर सांधता येतो का?’

सर्च कन्सोलमध्ये (साइट कुठल्या शोधांत, कितव्या जागी दिसली हे सांगणारं गूगलचं साधन) त्या सहा पानांचं सरासरी स्थान होतं तिथंच आहे. क्लिक मात्र वाढलेत. फार नाही, पण जुन्या वर्णनांच्या पानांशी ताडून पाहिलं तर दिसतं. स्थान हलणार नाही याची कल्पना होतीच. मेटा कीवर्ड (पानाच्या कोडमध्ये लपवून दिलेले शोधशब्द) आणि मेटा वर्णन या दोन्हींचा क्रमवारीत उपयोग करत नाही, हे गूगलनं सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलंय. तरी सांगलीतल्या एका एसईओवाल्यानं, म्हणजे साइट शोधात वर आणून देतो म्हणणाऱ्यानं, मागं माझ्याकडून पैसे घेऊन प्रत्येक पानात वीस-वीस कीवर्ड कोंबून दिले होते. ते सगळे काढायला एक रविवार गेला. असो.

लांबीचं विचाराल तर अक्षरं मोजणं मी सोडून दिलं. गूगल ठरावीक मर्यादा सांगत नाही, पडद्यावर मावेल तेवढं दाखवतं. डिसेंबर २०१७ मध्ये निकालातल्या शीर्षकाखालचे हे उतारे लांबले होते, मे २०१८ पर्यंत पुन्हा आखडले. त्या वेळी ज्यांनी सगळी वर्णनं ऐसपैस करून घेतली, त्यांची मेहनत पाण्यात गेली. मी कामाचं ते पहिल्या वाक्यात ठेवतो, पुढचं कापलं गेलं तर जाऊ दे.

आता खरी गंमत. जवारीच्या पानाला मी हात लावला नव्हता, आणि सगळ्यात जास्त हललं ते तेच. (जवारी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा उतार आणि तारेखालचा दोरा जुळवून आणलेला गुंजता नाद. ती बसली की आवाज बिघडतो.)

त्या पानाचं शीर्षक मी मोठ्या ऐटीत दिलं होतं, ‘तानपुऱ्याच्या ध्वनिगुणवत्तेचे शास्त्र’. लेखभर तानपुरा, अनुनाद, स्वरसंवर्धन. जवारी हा शब्द दोनदा, तोही कंसात. परवा सकाळी चहा घेत क्वेरींची यादी चाळत होतो, तर ‘तंबोऱ्याची जवारी बसली’, ‘तंबोरा चुंई आवाज’, ‘घोडी घासणे’ असले शोध या पानावर आलेले. मी लेखात तंबोरा म्हटलंच नव्हतं! ब्राउझरची खासगी खिडकी उघडून त्यातला पहिला शोध टाकला. माझं पान निकालांच्या दुसऱ्या पानाच्या तळाशी होतं आणि खाली उताऱ्यात माझं वर्णन नव्हतंच. तिथं तासगावच्या एका गायनशिक्षक बाईंची प्रतिक्रिया होती: ‘सर, आमच्या तंबोऱ्याची जवारी बसली आहे, पंचमाची तार नुसती चुंई करते, दोरा सरकवून बघितला तरी बोलत नाही. घोडी घासून घ्यावी लागेल का?’

वाद्य बिघडलेला माणूस बाईंसारखंच बोलतो आणि गूगलमध्ये टंकतोही तसंच. बाईंच्या खाली सात-आठ जणांनी उत्तरं दिली होती. एकानं सांगितलं, की तारेच्या घासण्यानं घोडीवर बारीक खाच पडते, मग दोऱ्याला जागाच सापडत नाही. कानशीनं उतार पुन्हा जमवावा लागतो. माझ्या अख्ख्या लेखात एवढं नेमकं वाक्य नाही, हे कबूल करतो.

गूगल प्रतिक्रियांना पानाच्या मजकुराचाच भाग धरतं. उतारा तर ते बहुतेकदा पानातल्याच मजकुरातून उचलतं. वर्णन जास्त जुळतं असं वाटलं तरच ते दाखवतं. खात्रीसाठी सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीत जाऊन गूगलला मिळालेलं एचटीएमएल, म्हणजे पानाचा कोड, उघडलं. बाईंची ओळ तिथं जशीच्या तशी होती. तुमच्या साइटवर प्रतिक्रिया बटण दाबल्यावरच लोड होत असतील, तर हे जरूर पाहून घ्या. वाचकाला दिसतं ते गूगलला मिळतंच असं नाही.

म्हणजे प्रतिक्रिया वाढल्या की स्थान वाढतं? माझ्या आकड्यांवरून तसं म्हणवत नाही. दुसऱ्या एका पानाखाली ‘छान माहिती’, ‘अप्रतिम’ अशी भली मोठी रांग आहे. वाचून बरं वाटतं, पण त्या पानाला एकही नवा शोध मिळालेला नाही. आणि रात्रीतून येऊन पडणारी कर्जाच्या जाहिरातींची घाण वेगळीच. तिच्यासाठी मंजुरी चालू केलीय, म्हणजे मी पाहिल्याशिवाय प्रतिक्रिया दिसत नाही. वाचकांनी दिलेल्या दुव्यांना २००५ पासूनचं नोफॉलो (या दुव्याची हमी माझी नाही, असं गूगलला सांगणारी खूण) होतंच, आता २०१९ मध्ये आलेलं यूजीसी (हा दुवा वाचकानं दिलाय, असं सांगणारी खूण) लावलंय.

शंका एकच. हे सहा आठवडे आणि मिरजेचा उरूस एकत्र आले. दर्ग्यातली संगीत सभा जवळ आली की तंबोऱ्याचे शोध आपसूक वाढतात. शिवाय सर्च कन्सोल अगदी विरळ क्वेरी लपवतं, त्यामुळं बेरीज जुळत नाही. म्हणून गेल्या उरुसाचे आकडे काढून शेजारी ठेवलेत. ‘जवारी बसली’ तेव्हा कुठंच नव्हतं.

काल पानाचं शीर्षक बदललं: ‘तंबोऱ्याची जवारी बसली तर काय करावं’. बाईंना विचारून त्यांचा प्रश्न लेखाच्या सुरुवातीला घेतला. शनिवारी सतारमेकर गल्लीत जाऊन घोडी घासतानाचे फोटो काढायचेत. बाई म्हणाल्या, मग तंबोराच घेऊन येते.