शेवटचा आकडा सुटला: दोन नव्हे, पालथा पाच

मंडळी, दफनभूमीच्या कुंपणालगतचा तो गोट्या बसवलेला, काँक्रीटचा कबरीचा दगड अखेर वाचून झाला! त्यावरच्या सालातला शेवटचा आकडा दोन की पाच, हे कळत नव्हतं. तो पाच आहे.

अडचण आठवत असेलच. त्या दगडावर इंग्रजी 'एन' एकदा सरळ उमटलाय आणि एकदा आरशात दिसावा तसा. म्हणजे अक्षरं पातळ फळीतून कापून काढलेली, सुटी. ओल्या सिमेंटवर ती कुठल्याही अंगाने दाबता येतात. 'ए', 'एच', 'ओ' पालथे पडले तरी कळत नाही, पण इंग्रजी दोन आणि पाच टोकदार कापले असतील तर एक पालथा केला की जवळजवळ दुसरा दिसतो. उभ्याउभ्या फिरवून खालचं वर केलं तर दोन दोनच राहतो, पाच पाचच. घोळ होतो तो फक्त पालथं पडल्यावर. फरक एवढाच की दोनाची सरळ रेघ पायाशी असते आणि पाचाची डोक्यावर. तेव्हा शोधायचं होतं ते एकच: आडवी रेघ वर आहे की खाली?

आणि नेमकी आडवी रेघच दिसत नव्हती. तिरक्या उजेडात सावली पडते ती उजेडाला आडव्या जाणाऱ्या खाचेची. या दगडावर ऊन कायम बाजूने येतं, त्यामुळे उभे फराटे लख्ख उठतात आणि आडवे पुसल्यासारखे होतात. वरून उजेड टाकायला आरसा धरावा तर वर झाडाची दाट सावली. त्यात आकड्याच्या डोक्यावर दगडफुलाचा थर. तो खरवडायचा प्रश्नच नाही. त्याचे तंतू सिमेंटमध्ये शिरलेले असतात, ओढलं की वरचा पापुद्रा त्याच्याबरोबर येतो आणि अक्षर कायमचं जातं.

शेवटी अंधार पडल्यावर आरटीआय केलं (माहितीचा अधिकार नव्हे; वेगवेगळ्या दिशांनी उजेड टाकून काढलेल्या फोटोंवरून पृष्ठभागाचे चढउतार दाखवायची पद्धत). कॅमेरा तिपाईवर घट्ट, दगडाशेजारी काळा चकचकीत गोळा, आणि टॉर्च दोरीने मापून दगडाच्या कर्णाच्या तिप्पट अंतरावर. दर फोटोला उजेडाची जागा बदलायची, अंतर नाही. गोळ्यावरच्या चमकेवरून प्रोग्राम उजेडाची दिशा काढतो. मग पृष्ठभागाचा उतार रंगांत दाखवणारं चित्र उघडलं, आणि आकड्याच्या डोक्यावर सरळ काठ, खाली गोल पोट! दगडफुलाचा थर पातळ आहे, खालच्या खाचेचाच आकार घेऊन बसलाय, म्हणून हे जमलं. कितीतरी वेळ मी त्याच चित्राकडे बघत होतो.

टॉर्च घेणार असाल तर झोत आवळता येणारा घ्या. पसरट एलईडी पॅनेल या कामाला निरुपयोगी, सावल्यांच्या कडा मऊ होतात. आणि खडूची पूड, पीठ, दाढीचा फेस चोळून अक्षरं 'उठवण्याचे' सल्ले अजून फिरताहेत, ते कृपया पुढे पाठवू नका. तारेचा ब्रशही नको. ज्यांनी आपल्या माणसासाठी स्वतः सिमेंट कालवलं, त्यांच्या हातचं दुसरं काही बहुधा उरलेलं नसतं.

पुढचा बेत तिथल्याच एका तुटक्या काँक्रीटच्या क्रुसाचा होता. आतली तार गंजून फुगली आहे, तिनेच काँक्रीट फोडलंय. मोजपट्टी ठेवून भेगेचे फोटो घेतलेत, देखभाल बघणाऱ्यांनाही कळवलंय. पण हे लिहिताना ताडून बघायला जुने फोटो काढले आणि बेत बदलला. गोट्यांच्या दगडाच्या पाठीवर साच्याच्या फळीच्या रेषा उमटल्या आहेत, डाव्या कडेला लाकडाची गाठसुद्धा. पुढच्या रांगेतल्या छोट्या दगडाच्या पाठीवर तशीच गाठ, त्याच जागी! साचा एकच असावा. मग या दोन कबरींच्या खुणा एकाच हातच्या, निदान एकाच फळीवर ओतलेल्या.

आपण सगळे पुढच्या बाजूचेच फोटो काढत बसतो. आता आधी सगळ्या पाठी. तिरका उजेड, मोजपट्टी, एकच अंतर. गाठी जुळल्या की अक्षरांच्या ठशांवरचे टवके जुळवून बघायचे. फळी एकाची आणि ठसे दुसऱ्याचे असंही निघू शकतं, म्हणून दोन्ही याद्या वेगळ्या ठेवतोय. तुमच्याकडे पाठींचे फोटो असतील तर गाठ, करवतीचे वळ, खिळ्याच्या डोक्याचा ठसा, यातलं काय सगळ्यात स्पष्ट राहतं ते सांगा. क्रुसाचं नंतर.