एक गाडी, चार पंच, एकच व्हाउचर

जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेचं पंचांना येणारं पत्र बहुधा रेल्वे गृहीत धरून लिहिलेलं असतं. ‘थर्ड एसीचं जाण्यायेण्याचं भाडं, तिकीट दाखवल्यावर.’ इंदूर ते बडोदं या प्रवासाला हे वाक्य नीट बसत नाही. अवंतिका एक्स्प्रेस आहे, पण ती संध्याकाळी इंदूर सोडते आणि बडोद्याला अपरात्री उतरवते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पंचांची बैठक, मग दिवसभर खुर्चीत बसून मुलींचे गुडघे आणि पायाची बोटं बघायची. म्हणून या वेळी आम्ही चौघं एकाच गाडीने गेलो. धार, झाबुआ, दाहोद, गोध्रा, हालोल, बडोदं. साधारण साडेतीनशे किलोमीटर, चहापाणी धरून सात तास.

गाडी दादांची. ते मुलांच्या स्पर्धेचे पंच, मूळचे उज्जैनचे मल्लखांबवाले. काकू आमच्यात सगळ्यांत अनुभवी. मी, आणि नुकतीच पंच-परीक्षा पास झालेली एक पोरगी. रस्त्याबद्दल पुढे सांगतेच, पण आधी पैशांचं बोलते, कारण पंच मंडळी त्यावर बोलतच नाहीत. मग परतीच्या वाटेवर गाडीत अवघडल्यासारखी शांतता होते.

निघायच्या आधी आम्ही आयोजकांना मेल केला: चौघं एका गाडीने येतोय, किलोमीटरचा दर कळवा. उत्तर आलं ते असं, की गाडीचा नियम नाही, तुम्ही चौघं थर्ड एसीचं वेगवेगळं व्हाउचर भरा, तिकिटाचं बघून घेऊ. देणाऱ्याच्या मनात काही वाईट नसावं. त्याला फाइल बंद करायची होती. पण काकूंनी फोनच लावला. ‘अहो, बसलेच नाही त्या गाडीचं भाडं मी कशी घेऊ? आणि उद्या कुणी पीएनआर विचारला तर?’

मला काकूंचं शंभर टक्के पटलं. एका गाडीचा खर्च आणि चार जणांचं रेल्वेभाडं यातला फरक कुणाच्या तरी खिशात जातो, आणि तो पैसा येतो मुलींच्या आई-बापांनी भरलेल्या प्रवेश फीमधून. बीमवर, म्हणजे तोल सांभाळायच्या अरुंद पट्टीवर, पाय नीट ताणला नाही म्हणून ०.१० गुण कापणाऱ्या माणसाने खोट्या व्हाउचरवर सही करायची, हे जमणारं नाही. शेवटी असं ठरलं: एक गाडी, एक व्हाउचर, गाडीमालकाच्या नावावर, किलोमीटरला ९ रुपये. बाकी तिघांनी ‘प्रवासखर्च घेतला नाही, अमुक यांच्या गाडीने आलो’ असं लिहून सही करायची. मेलवर लेखी आलं तेव्हाच आम्ही निघायची वेळ ठरवली. तुम्हीही मेलच मागा. फोनवरचं ‘हो हो’ स्पर्धेच्या संध्याकाळी कुणाला आठवत नसतं.

दर कुठून आला? काकूंची भाची अमेरिकेत पंच आहे. तिकडे या गोष्टीला पाया आहे. त्यांचं आयकर खातं, आयआरएस, दरवर्षी स्वतःची गाडी कामासाठी वापरण्याचा दर मैलाला किती ते जाहीर करतं: २०२४ साली ६७ सेंट, २०२५ साली ७० सेंट. त्यात पेट्रोल, विमा, देखभाल, गाडीची झीज सगळं धरलेलं असतं. टोल आणि पार्किंग त्याच्या बाहेर. भाचीचं म्हणणं, एकाच भागातून येणाऱ्या पंचांनी एका गाडीत यावं अशी तिकडे अपेक्षाच असते. कुणाला एकट्यानेच यायचं असेल तर त्याने आधी बोलावं. डॉलरचा आकडा आपल्या उपयोगाचा नाही, पण मांडणी उपयोगाची आहे. दर किलोमीटरला लावायचा, टोल वेगळा.

आमचा हिशोब सांगते. जाऊन-येऊन ७०० किलोमीटर, ९ रुपयांनी ६,३००. दादांची गाडी सोळाचं ॲव्हरेज देते, म्हणजे पेट्रोल साधारण ४४ लिटर, चार-साडेचार हजारांचं. उरलेले दीड-दोन हजार टायर, सर्व्हिसिंग आणि विम्याचे. हा नफा नव्हे. पुष्कळ ठिकाणी ‘पेट्रोलचे पैसे देऊ’ म्हणतात आणि गाडीवाला बिचारा दर स्पर्धेला थोडा थोडा खड्ड्यात जातो. दोन वर्षांनी तो सरळ सांगतो की मी रेल्वेने येतो, आणि मग बाकीचे त्याला आखडू म्हणतात.

आयोजक काहीच देत नसतील किंवा कमी देत असतील, तर उरलेला खर्च वाटायचा कसा? गाडीमालकाने आपला वाटा द्यावा का? यावर आमच्यात धारपर्यंत चर्चा चालली. माझं मत: झीज धरून दर लावला असेल तर मालकानेही चौथा हिस्सा उचलावा, कारण तोही प्रवासीच आहे. नुसतं पेट्रोल वाटत असाल तर मालकाला सूट द्या, त्याने गाडी दिली तोच त्याचा वाटा. दोन्ही सोयी एकदम मागू नयेत.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत भाड्याने प्रवासी नेण्याला संरक्षण नसतं. ओळखीच्या चौघांनी खर्च वाटून घेणं वेगळं आणि ‘सीटमागे इतके’ असं ठरवून लोक बसवणं वेगळं. म्हणून व्हाउचरवर किंवा यूपीआयच्या नोंदीत ‘भाडं’ हा शब्द लिहू नका. ‘प्रवासखर्चातला वाटा’ लिहा, तेच खरंही आहे.

टोलचा नवा घोळ वार्षिक पासमुळे झाला आहे. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांसाठी फास्टॅग पास मिळतो, सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांचा, एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. दादांकडे तो आहे. राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्यावर त्यांना मेसेज येतो शून्य रुपयांचा, आणि खजिनदार म्हणतो, ‘टोल लागलाच नाही की!’ लागला नाही कसा, आधीच भरलाय. तीन हजाराला दोनशेने भागलं की नाक्याला १५ रुपये पडतात. आम्ही तोच दर लावला आणि मेसेजचे स्क्रीनशॉट जोडले. हा पास राज्य सरकारच्या रस्त्यांवर चालत नाही, त्यामुळे गोध्ऱ्यानंतर महामार्ग ४७ सोडून हालोलकडे वळलात की जे कापलं जाईल तेवढंच मागायचं.

आता रस्ता. सकाळी सहाला गंगवाल बस स्टँडपाशी भेटलो. सुदामानगरवाले दोघं चालत आले म्हणायला हरकत नाही. विजयनगरची पोरगी मात्र रिक्षाने आली, आणि तिची रिक्षा तिच्याच खर्चाने. हा नियम कडक वाटेल, पण एकेकाला दारातून उचलत बसलं की गाव सोडायलाच तास जातो आणि ते किलोमीटर कुणाच्या हिशोबात घालायचे हा वाद वेगळा. घाटाबिल्लोदपर्यंत ट्रकांची गर्दी, धारनंतर मोकळं. झाबुआच्या अलीकडे माछलिया घाटात चढणीवर ट्रक रेंगाळतात. तिथे घाई करू नका, वेळेचा अंदाज बांधतानाच अर्धा तास जास्त धरा. दाहोदच्या पुढे पट्टा चांगला आहे, हालोलजवळ पावागढ दिसायला लागला की बडोदं आलंच समजा. गाडीत दारूची बाटली ठेवू नका हे पंचांना सांगावं लागू नये, पण पिटोलची हद्द ओलांडली की गुजरात, आणि गुजरातेत दारूबंदी आहे.

पंचांचे निळे ब्लेझर हा स्वतंत्र विषय. चार ब्लेझर मागच्या खिडकीच्या हुकाला टांगले होते आणि खाली रतलामी शेवेची पिशवी उघडी. बडोद्यात उतरलो तेव्हा पोरीच्या उजव्या बाहीवर शेवेचा तेलकट पिवळा पट्टा. काकूंनी हॉटेलातून टाल्कम पावडर मागवली, रात्रभर थापून ठेवली, सकाळी ब्रशने झाडली. डाग गेला. तरी ब्लेझर कव्हरमध्ये घालून डिकीत आडवा ठेवलेला बरा.

एका गाडीतून जाण्यातली खरी गोम वेगळीच आहे. राजगढच्या आसपास पोरीने फोन पुढे केला: ‘मावशी, ही बघा, या मुलीचं बीमचं रूटीन, उद्या आहे ती.’ काकूंनी आरशातूनच डोळे वटारले. ‘अगं, बंद कर ते. गाडीत नावं घ्यायची नाहीत.’ तिला वाटलं काकू उगीच रागावल्या. पण विचार करा. एका साधनावर चार ई-पंच, म्हणजे सादरीकरणातल्या चुकांचे गुण कापणारे पंच, असले, तर सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत छोटी वजावट बाजूला काढून मधल्या दोघांची सरासरी घेतात. ही पद्धत चालते ती चौघांनी स्वतंत्र डोळ्यांनी बघितलं तर. तेच चौघं सात तास एका गाडीत ‘ही उतरताना नेहमी लडखडते’ असं बोलत आले असतील, तर टोकाचे दोन काढून उपयोग काय? चारही आकडे एकाच डोक्यातून आलेले. म्हणून काकूंनी पोहोचल्यावर मुख्य पंचांना सांगून टाकलं, ‘आम्ही तिघी एका गाडीतून आलोय, एका टेबलावर बसवू नका.’ काकू डी-पॅनेलला, म्हणजे रूटीन किती अवघड ते मोजणाऱ्या पंचांत, मी बीमला, पोरगी बार्सला. मुख्य पंचांना हे ऐकून जरा आश्चर्य वाटलं, पण त्यांनी केलं.

दुसरी गोष्ट हॉटेल ते हॉल. आम्ही अलकापुरीत उतरलो होतो, स्पर्धा समाच्या बाजूला. सकाळी दादांची गाडी मुलांच्या साहित्याच्या तपासणीसाठी लवकर गेली, आणि आम्ही तिघी रिक्षा शोधत उभ्या. इतक्यात एका क्लबची मिनीबस थांबली, आतून कोच म्हणाले, ‘ताई, या ना, तिकडेच चाललोय.’ भला माणूस, खिडकीत त्याच्या मुली बसलेल्या. नाही म्हणणं जिवावर येतं. पण उतरताना छोटं पाऊल पडलं तर ०.१०, मोठं पडलं तर ०.३०, आणि छोटं कुठे संपतं नि मोठं कुठे सुरू होतं हे मला क्षणार्धात ठरवायचं असतं. रिओ ऑलिंपिकमध्ये दीपा कर्माकरचे १५.०६६ आणि कांस्यपदकवालीचे १५.२१६. पदक गेलं ०.१५० ने. त्या मुलींच्या शेजारी बसून आलेलं दुसऱ्या क्लबच्या आई-बापांनी पाहिलं, तर माझ्या कुठल्याही आकड्यावर त्यांचा विश्वास का बसावा? रिक्षाने गेलो. रिक्षाचे पैसे आयोजकांनी दिले, कारण ‘हॉटेल ते हॉल वाहतूक आयोजकांची’ हे मेलमध्ये होतं.

स्पर्धेबद्दल विशेष लिहीत नाही, वेळापत्रक नेहमीसारखं घसरलं. शेवटचं सत्र रात्री आठला संपलं. पोरीला दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं, ती म्हणे आत्ता निघू, पहाटे पोहोचू. दादा म्हणाले, ‘मी दिवसभर डोळे ताणलेत, आता घाट चढवणार नाही.’ गाडी चालवणाऱ्याचा शब्द शेवटचा, यावर चर्चा नको. आम्ही जादाची रात्र आधीच मागून ठेवली होती: शेवटचं सत्र संध्याकाळी सहानंतर संपलं आणि घर तीनशे किलोमीटरच्या पुढे असेल तर मुक्काम आयोजकांचा. ही अट घालायला लाजू नका.

सकाळी निघताना दादांनी दांडिया बाजाराकडे गाडी वळवली. त्यांना प्रो. माणिकरावांचा आखाडा, जुम्मादादा व्यायाम मंदिर, बघायचं होतं. मल्लखांबवाल्या माणसाला बडोद्यात येऊन तिथे डोकं टेकवल्याशिवाय चैन पडत नाही, आणि त्या गल्ल्यांमधून मराठी पाट्या वाचत फिरताना आम्हालाही इंदूरच्या रामबागेत असल्यासारखं वाटलं. तो फेरा आणि वाटेतला सेव-उसळ मात्र हिशोबात नाही. दादांनी निघताना आणि परत महामार्गाला लागताना मीटरचा फोटो काढला, मधले किलोमीटर वजा.

व्हाउचर भरताना मानधन आणि प्रवासखर्च एका रकमेत लिहू देऊ नका. एकत्र लिहिलं की सगळंच मानधन दिसतं. पंचांच्या मानधनावर टीडीएस लागू होतो, एका आयोजकाकडून वर्षाला ५०,००० च्या वर गेलं की दहा टक्के. वर्षभर एकाच संघटनेच्या स्पर्धा करणाऱ्यांना हा आकडा गाठायला वेळ लागत नाही. आणि ५,००० च्या वरच्या पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो. आमचं व्हाउचर ६,३०० चं, त्यामुळे लागला. रविवारी रात्री साडेआठला स्टॅम्प कुठे मिळणार? काकूंच्या पाकिटात होता. चार-पाच घरूनच घेऊन जा.

राहिलं पेट्रोल. मध्य प्रदेशात ते गुजरातपेक्षा लिटरमागे दहा-बारा रुपयांनी महाग पडतं. इंदूरहून निघताना दाहोद गाठेल एवढंच भरा, बाकी तिथे. परतीला दाहोदलाच टाकी फुल्ल करा आणि बिल गाडीच्या नंबरसकट मागा, नुसत्या पंपाच्या चिठ्ठीवर खजिनदार हरकत काढतात.