लॉक फाइल होती, पण बिल्डमध्ये नव्हती

बदल होता एका बटणावरच्या मजकुराचा, बाकी काही नाही. रिलीज गेलं आणि थोड्याच वेळात सपोर्टवाल्यांचे मेसेज सुरू झाले की इनव्हॉइसवर तारखेच्या जागी ‘इनव्हॅलिड डेट’ येतंय. बटणाचा आणि तारखेचा काय संबंध? रोलबॅक करून आधीचं व्हर्जन परत आणलं तर सगळं नीट, आणि कुणाच्याही लॅपटॉपवर चालवलं तरी नीटच.

मग जुनी आणि नवी अशा दोन्ही डॉकर इमेजमध्ये (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला गठ्ठा) शिरून एनपीएम एलएस मारलं, म्हणजे आत कुठली पॅकेज (इतरांनी लिहिलेला तयार कोड) इन्स्टॉल आहेत त्याची यादी काढली, आणि दोन्ही याद्यांचा डिफ, म्हणजे फरक, काढला. बऱ्याच पॅकेजची व्हर्जन वेगळी! तारीख पार्स करणारं पॅकेज तर आम्ही थेट घेतलेलंही नव्हतं, दुसऱ्या कुठल्यातरी पॅकेजच्या मागून आलेलं. सगळे म्हणायला लागले, अरे पण लॉक फाइल, म्हणजे प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन लिहिलेली फाइल, आहे ना गिटमध्ये. आहे की, पण डॉकरफाइलमध्ये, म्हणजे इमेज कशी बनवायची त्या सूचनांमध्ये, फक्त पॅकेज डॉट जेसन कॉपी होत होती, जिच्यात थेट घेतलेली पॅकेज आणि त्यांची चालतील ती व्हर्जन एवढंच असतं! ती डॉकरफाइल लिहिली गेली तेव्हा पॅकेज-लॉक, म्हणजे ही लॉक फाइल, हा प्रकारच नव्हता, तो आला २०१७ मध्ये एनपीएम ५ बरोबर, आणि नंतर त्या ओळीकडे कुणी बघितलंच नाही. लॉक नसलं की ^४.१.० चा अर्थ ५.०.० च्या अलीकडचं जे सगळ्यात नवं असेल ते.

मग इतके दिवस कसं चाललं? डॉकरच्या लेयर कॅशमुळे, म्हणजे बिल्डच्या प्रत्येक स्टेपचा निकाल तो साठवून ठेवतो म्हणून. पॅकेज डॉट जेसन बदलली नाही की इन्स्टॉलची स्टेप परत चालतच नाही, जुनं नोड मॉड्यूल्स (इन्स्टॉल झालेल्या पॅकेजचं फोल्डर) तसंच वापरलं जातं. आदल्या दिवशी बिल्डचं मशीन बदललं, कॅश गेला. म्हणजे लॉकचं काम कॅश करत होता, आणि हे मला त्या बगपेक्षा जास्त भीतीदायक वाटलं.

आता दोन्ही फाइल कॉपी होतात आणि एनपीएम इन्स्टॉलऐवजी एनपीएम सीआय चालतं, जे लॉकमधलीच व्हर्जन इन्स्टॉल करतं; लॉक नसेल किंवा पॅकेज डॉट जेसनशी जुळत नसेल तर ते सरळ एरर देऊन थांबतं. बेस इमेजही (आमची इमेज जिच्यावर उभी राहते ती) टॅगऐवजी, म्हणजे दिलेल्या नावाऐवजी, शा२५६ डायजेस्टने, म्हणजे आतल्या मजकुरावरून काढलेल्या ठशाने घेतो, कारण टॅग तोच राहून आतली इमेज बदलू शकते. टीममध्ये यावर वाद झालाच, की असं बांधून ठेवलं तर सिक्युरिटी पॅच आपोआप येणार नाहीत. खरंय. त्यासाठी बॉट लावलाय, तो व्हर्जन वाढवून पुल रिक्वेस्ट (बदल तपासून घ्या अशी विनंती) टाकतो आणि त्या बघायचा सगळ्यांना जाम कंटाळा येतो.