पांढरा भात नॅचरल आहे का? आधी गिरणीत जाऊन बघा

शेतात पांढरा तांदूळ पिकत नाही, एवढं आधी सांगून टाकते, कारण आमच्याकडे जेवताना हा वाद निघाला की कोणीतरी हमखास म्हणतंच, अगं भात नॅचरल आहे, त्याला कशाला नावं ठेवायची. शेतात पिकते ती साळ, तुसासकट. ती गिरणीत नेली की पहिलं मशीन रबराच्या दोन रोलरमधून दाणा घासून तूस काढतं आणि जो तपकिरी नाहीतर जातीप्रमाणे लालसर तांदूळ बाहेर पडतो तो असडी, म्हणजे मॉलवाल्यांचा ब्राऊन राईस. मग दुसऱ्या मशीनमध्ये त्याचा कोंडा आणि टोकाचा कोंब खरवडून काढायचा, आणि वर अजून हौस असेल तर पाण्याचा हलका फवारा मारत परत घासून चकचकीत करायचा, ते सिल्की पॉलिश. 100 किलो साळीतून साधारण 20 किलो तूस, 8-10 किलो कोंडा, आणि बाकीचा तांदूळ, त्यात कणीही आलीच.

गंमत म्हणजे ज्याच्यावर काम कमी तो महाग. पण त्याला कारण पण आहे, कोंड्यात तेल असतं (त्याचंच राईस ब्रान ऑइल बनतं), त्यामुळे असडी तांदूळ काही महिन्यांत खवट होतो आणि पांढरा वर्षभर डब्यात आरामात राहतो, उलट जुना झाला की जास्त मोकळा शिजतो. व्यापाऱ्याला आणि आपल्याला पांढरा का आवडला ते कळतंच.

पण त्या कोंड्याबरोबर काय जातं हे जगाला कळलं ते कोंबड्यांमुळे, आणि ही गोष्ट मला फार आवडते. 1890च्या आसपास जावा बेटावर, आत्ताच्या जकार्तात, आइकमन नावाचा डच डॉक्टर बेरीबेरीवर, म्हणजे पाय लुळे पाडणाऱ्या आजारावर, काम करत होता. त्याच्या प्रयोगाच्या कोंबड्या अचानक लंगडायला लागल्या, पाय लुळे पडले, आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या पण झाल्या. शोध घेतला तर कळलं की मधे त्यांना मिलिटरी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घालत होते, नवीन आचारी आला आणि तो म्हणाला सरकारी भात सिव्हिलियन कोंबड्यांना मिळणार नाही, झालं, परत बिनपॉलिशचा तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या चालायला लागल्या! कोंड्यात होतं ते म्हणजे ज्याला आपण आज बी-1 जीवनसत्त्व म्हणतो, आइकमनला 1929 साली नोबेल मिळालं. आणि आपल्याकडे 1934 मध्ये गांधीजींनी वर्ध्याला ग्रामोद्योग संघ काढला तेव्हा हातसडीचा तांदूळ हा त्यातला मोठा विषय होता, म्हणजे पॉलिशवरचं भांडण काही इन्स्टाग्रामने काढलेलं नाही.

त्यामुळे 'आपल्या आज्या-पणज्या भात खाऊनच धडधाकट राहिल्या' हे मला अर्धंच पटतं. त्यांचा भात व्हायनात, म्हणजे उखळात, मुसळाने सडलेला असायचा, त्याला थोडा कोंडा चिकटून राहायचाच. माझं आजोळ सिंधुदुर्गातलं, तिकडे तर रोजचा तांदूळ उकडा. साळ तुसासकट भिजवून उकडायची, वाळवायची आणि मग भरडायची, यात कोंड्यातलं बरंचसं बी-1 उकडतानाच दाण्याच्या आत उतरतं, नंतर पॉलिश झालं तरी सगळं जात नाही. सकाळी उकड्या तांदळाची पेज, वर खोबऱ्याचा तुकडा नाहीतर लोणच्याची फोड, आणि त्यानंतर दिवसभर चिखलात लावणी. आपण इंद्रायणीचा मऊ भात खाऊन लॅपटॉपसमोर बसतो आणि आजीचं उदाहरण देतो, हे काही बरोबर नाही.

आता रेशनच्या तांदळाबद्दल, कारण हे प्रत्येक ओळखीच्या घरात ऐकलंय. त्यात जे थोडे वेगळे दिसणारे, कधी पाण्यावर तरंगणारे दाणे निघाले ते प्लास्टिकचे नव्हते हो! तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 घालून दाण्याच्या आकाराचे बनवले आणि साध्या तांदळात साधारण शंभराला एक या प्रमाणात मिसळले. लोकांनी ते निवडून फेकले, पॉलिशने जे काढलं त्याच्या बदल्यात सरकारने जे घातलं ते पण कचऱ्यात.

बरं, मग सगळ्यांनी ब्राऊन राईस खायचा का? तर माझं मत, आवडत असेल तर खा, पण जादू समजू नका. फायबर जास्त आहे हे खरं, 100 ग्रॅम शिजलेल्या पांढऱ्या भातात अर्धा ग्रॅमसुद्धा नसतं, ब्राऊनमध्ये दीडेक ग्रॅम असतं. पण शुगर किती पटकन वाढते ते बघायचं तर आंतरराष्ट्रीय तक्त्यात पांढऱ्याचा ग्लायसेमिक इंडेक्स सरासरी 73 आणि ब्राऊनचा 68, म्हणजे फरक आहे पण त्याच्या जिवावर दोन वाट्या जास्त घ्याव्यात एवढा नाही. पांढऱ्यात पण जातीजातीत फरक पडतो, बासमतीचा आकडा चिकट तांदळांपेक्षा बराच खाली असतो. आणि आर्सेनिक असलंच तर ते कोंड्यातच जास्त साठतं, हे पाकिटावर कोणी छापत नाही.

खरा प्रश्न किती खातो हा आहे. 2020 मध्ये 21 देशांतल्या सव्वा लाखाहून जास्त लोकांचा एक मोठा अभ्यास आला, त्यात रोज 450 ग्रॅम किंवा जास्त शिजलेला पांढरा भात खाणाऱ्यांमध्ये डायबिटीसचं प्रमाण जास्त दिसलं, आणि सगळ्यात ठळक कुठे, तर आपल्या दक्षिण आशियात. 450 ग्रॅम म्हणजे दोन्ही जेवणांत मिळून मोठ्या तीन वाट्या, हे सहज होतं. माझ्या मामांना शुगर निघाली तर त्यांनी भात एकदम बंद केला, आणि त्याच्या जागी ज्वारीच्या तीन-तीन भाकऱ्या, ज्वारी मिलेट आहे ना म्हणून. अहो मामा, पीठ ते पीठच, पोटात गेल्यावर साखरच होणार, फार तर जरा सावकाश.

पंगतीतली मूद आठवा, वाटीने पाडलेली, तेवढीच, वर वरण, तूप, लिंबाची फोड. डाळीत जे लायसिन (प्रोटीनचा एक घटक) असतं ते तांदळात कमी आणि तांदळात जे मिथिओनिन (असाच दुसरा घटक) असतं ते डाळीत कमी, म्हणून वरण-भात ही जोडी प्रोटीनच्या बाबतीत फारच शहाणी आहे, फक्त आपण वरण पातळ करत गेलो आणि भाताचा डोंगर. मी घरी आता उलटं करते, कुकरला डाळ जास्त लावते, भात कमी, उसळ किंवा अंडं काहीतरी असतंच, आणि उरलेला भात लगेच फ्रीजमध्ये, सकाळी फोडणीचा (गार झालेल्या भातातला थोडा स्टार्च पचायला जड होतो, म्हणजे शुगरच्या दृष्टीने फायद्याचाच, पण ओट्यावर रात्रभर ठेवलात तर पोट बिघडेल). उकडा तांदूळ गावाहून येतो तेव्हा पेज होते, नाहीतर साधा कोलम, पांढराच.