इस्त्रीखाली गेलेली नक्षी

सकाळी ११ च्या सुमारास रविवार पेठेतल्या आमच्या भरतकामाच्या कारखान्यात एक बाई आल्या. पिशवीतून त्यांनी लिंबू रंगाचा रेशमी ब्लाउजपीस काढला. भाचीच्या अष्टपुत्रीवर घालायचा होता. पाठीच्या गळ्याभोवती वेल आणि दोन बाजूंना दोन मोर. डावा मोर आरीने, म्हणजे आकडी सुईने, भरून झालेला, उजव्याच्या जागी कोरं कापड. "ताई, डिझाइन गेलं हो सगळं. चुण्या पडल्या होत्या म्हणून एकदाच इस्त्री फिरवली." लग्नाला ९ दिवस उरले होते.

कापड खिडकीपाशी नेऊन तिरपं धरलं. रेघ होती तिथे पांढुरका माग दिसत होता. म्हणजे नक्षी उष्णतेने उडणाऱ्या पेनाने काढलेली. या पेनाची शाई साधारण ६० अंशांना रंग सोडते, पण कापड सोडत नाही. उणे १० च्या आसपास रंग परत यायला लागतो आणि उणे २० पर्यंत बराचसा येतो. पाण्याने उडणारं निळं पेन याच्या अगदी उलट: त्याच्यावर इस्त्री फिरली तर रेघ तपकिरी होऊन कायमची बसते. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी असतात, म्हणून घेताना विचारून घ्यावं आणि आधी त्याच कापडाच्या चिंधीवर करून बघावं.

बाईंचं म्हणणं, मोबाइलमध्ये फोटो आहे, त्यावरून नवा छाप मारा. आम्ही नाही म्हटलं. भाची लग्नानंतर कॅनडाला जाणार होती. तिथल्या हिवाळ्यात उणे २० ही नवलाची गोष्ट नाही. नवी रेघ जुन्या रेघेपासून २ मिलिमीटर जरी सरकली, तरी पुढे कधीतरी जरीच्या कडेने काळी रेघ उठून दिसली असती. नवा छाप जुन्या रेघेवरच बसायला हवा होता, म्हणजे जरीखाली ती कायमची झाकली जाईल. त्यासाठी आधी जुनी रेघ डोळ्यांना दिसायला हवी.

शेजारच्या डेअरीवाल्यांचा आइस्क्रीमचा डीप फ्रीज उणे २० चा. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा कधी कधी तेवढा थंड होत नाही. ब्लाउजपिसाच्या घडीत पांढरं सुती कापड घातलं, भरलेल्या मोरावर घडी येऊ दिली नाही आणि तो दोन प्लॅस्टिक पिशव्यांत हवा काढून बंद करून त्या फ्रीजमध्ये ठेवला. दोन तासांनी बाहेर काढला, पण पिशवी लगेच उघडली नाही. गार कापडाला बाहेरची हवा लागली की त्यावर पाणी धरतं, आणि रेशमावर पाण्याचे डाग पडतात. पाऊण तासाने पिशवी उघडली. उजवा मोर आला होता. मान, चोच, पंख स्पष्ट, शेपटीच्या टोकाकडे मात्र रेघ पुसट. एकदा परत आलेला रंग खोलीच्या तापमानाला टिकतो, त्यामुळे घाई नव्हती. इस्त्री तेवढी लांब ठेवायची.

कापड अड्ड्यावर, म्हणजे भरतकामाच्या चौकटीवर, ताणलं, आधी उभा धागा, मग आडवा. ट्रेसिंग नेहमी ताणलेल्या कापडावरून घ्यायचं. भरतकामाने कापड आत ओढलं जातं, आणि सैल कापडावरून घेतलेली रेघ ताण दिला की जागेवर राहत नाही. ट्रेसिंग पेपर टाचण्यांनी बसवला, गळ्याचा मध्य आणि दोन्ही खांदे अशा तीन ठिकाणी कापडावर पांढऱ्या दोऱ्याचे टाके घातले आणि कागदावर तिथेच फुल्या मारल्या. दिसत होतं तेवढं बारीक पेन्सिलीने गिरवलं. शेपटीचा न दिसणारा भाग डाव्या मोरावरून घेतला. भरलेल्या कामावर दुसरा कागद ठेवून पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासली की टाक्यांचा उठाव जसाच्या तसा उतरतो. तो कागद उलटा केला की उजवी बाजू मिळते.

मग टोचणं, म्हणजे गिरवलेल्या रेघेवर भोकं पाडणं; त्यांतूनच रंग खाली कापडावर उतरतो. कागदाखाली दुपदरी घोंगडी, हातात लाकडी मुठीत बसवलेली १० नंबरची सुई. सरळ रेघेत भोकं सव्वा मिलिमीटरवर, वळणावर त्याहून जवळ. दोन रेघा मिळतात त्या बिंदूवर भोक हवंच, नाहीतर पानाचं टोक छापात बोथट येतं. टोचून झालं की खालच्या बाजूला भोकांच्या कडा वर आलेल्या असतात. त्या बारीक पॉलिश पेपरने घासल्या नाहीत तर पहिल्याच हाताला बुजतात.

खळ, म्हणजे छाप मारायचा पातळ रंग, करताना पावसाळ्याचा विचार करावा लागतो. फिक्या रंगावर नीळ, गडद रंगावर झिंक पावडर, दोन्ही रॉकेलमध्ये कालवतात. रॉकेल जास्त झालं की रेशमावर तेलकट कडं पसरतं, आणि दमट हवेत ते लवकर उडतही नाही. म्हणून एक चमचा निळीला मोजके थेंब, आणि त्यात बुडवलेला कापडाचा बोळा इतका पिळायचा की वर्तमानपत्रावर टेकवला तर ओल उमटू नये. टाक्यांवर फुल्या जुळवल्या, कडेला वजनं ठेवली आणि बोळा गोल फिरवला. मागेपुढे घासला तर कागद हलतो आणि दुहेरी रेघ पडते. कागद एका कोपऱ्यातून उचलून, पूर्ण काढण्याआधी खाली डोकावून पाहिलं. निळे ठिपके जुन्या रेघेवर बसले होते. मानेच्या आतल्या वळणात एके ठिकाणी जेमतेम अर्धा मिलिमीटर बाहेर.

ती जागा कारागिरांना बोटाने दाखवली. त्यांनी तिथे साखळी टाक्याची दुसरी ओळ घेऊन रेघ झाकायचं ठरवलं. उरलेली नीळ काम संपल्यावर मऊ कोरड्या ब्रशने झटकायची, पाणी लावायचं नाही, हे बाईंना दोनदा सांगितलं. रात्री ८ ला आरी चोचीपासून चालू झाली.