क्ष² = २^क्ष : तिसऱ्या उकलीचा छडा लागला

मंडळी, क्ष² = २^क्ष ची तिसरी उकल उणे तेवीस छेद तीस असेल असा जो अंदाज होता, तो बाद झाला. त्याच्यासोबत जगातले सगळे अपूर्णांकही एका फटक्यात बाद झाले, आणि त्याची सिद्धता नववीच्या गणितात बसते. या समीकरणातून इतकी गोड गोष्ट निघेल असं वाटलं नव्हतं, म्हणून ही नोंद ठरल्यापेक्षा आधी लिहितोय. आज खरं तर २^क्ष + ५^क्ष = ३^क्ष + ४^क्ष चं पुढचं प्रकरण यायचं होतं. ते थांबेल.

मागे कुठं थांबलो होतो ते आठवत असेलच. २ आणि ४ या दोन उकली तोंडपाठ आहेत, तिसरी शून्याच्या डावीकडे. क्ष = −१ घेतलं तर डावी बाजू १, उजवी अर्धा. क्ष = ० घेतलं तर डावी ०, उजवी १. म्हणजे मधे कुठेतरी दोन्ही आलेख छेदणार, आणि एकदाच छेदणार, कारण त्या बाजूला क्ष² सतत उतरतो आणि २^क्ष सतत चढतो. इथपर्यंत आपल्या बैठकीत कुणाचा वाद नव्हता. वाद होता तो ही उकल नेमकी लिहायची कशी यावर.

आलेख यावेळी मोठा काढला. एक एककाला वीस सेंटिमीटर, क्ष अक्षावर फक्त −१ ते ० एवढाच तुकडा. कागदाबद्दल एक सांगतो: सुट्या आलेख कागदांचा जो गठ्ठा पूर्वी घेतला होता त्यातले चौरस चौरसच नाहीत. पट्टी लावली की आडवे दहा सेंटिमीटर भरतात, उभे भरत नाहीत. शाळेच्या गृहपाठाला चालेल, आपल्याला नाही. आता सांगलीच्या विश्रामबागेत इंजिनिअरिंगच्या पोरांना ड्रॉइंगचं सामान देणाऱ्या दुकानातून जाड, मोठे कागद आणतो. पेन्सिल टू एच. टोक मऊ असेल तर रेघेच्या जाडीतच दुसरा दशांश बुडतो. या कागदावर छेदबिंदू −०.७६ आणि −०.७७ च्या मधे स्वच्छ दिसला. आलेखाकडून याहून जास्त मागू नये.

पुढचं काम कॅल्क्युलेटरचं. क्ष = −ट धरलं, म्हणजे ट धन. मग ट² = २^(−ट), आणि दोन्हीकडे वर्गमूळ घेतलं की

ट = २^(−ट/२)

हे फार कामाचं रूप आहे. कॅल्क्युलेटरवर १ लिहून बरोबरचं बटण दाबा, मग २^(−उत्तर÷२) एकदा लिहा आणि नुसतं बरोबर, बरोबर, बरोबर दाबत राहा. ०.७०७१, ०.७८२७, ०.७६२४, ०.७६७८, ०.७६६४, ०.७६६७. एकदा खाली, एकदा वर, आणि दरवेळी झोका लहान. खरी किंमत कायम शेवटच्या दोन आकड्यांच्या मधे अडकलेली असते, त्यामुळे चूक किती उरली तेही समोर दिसतं. मागचं उत्तर लक्षात ठेवणारं बटण ज्या कॅल्क्युलेटरवर आहे तोच घ्या. दुकानात हिशेबाला वापरतात तो या कामाचा नाही.

आणि इथंच तेवीस छेद तीस घुसलं. ०.७६६६ दिसलं की कुणाचाही हात ०.७६६६६… कडे जाणार, आणि ते म्हणजे नेमके २३/३०. मिरजेहून येणाऱ्या सरांनी त्यांचं जुनं चार अंकी लॉग टेबल काढलं. ताळा असा: क्ष = −२३/३० खरं असेल तर (२३/३०) × लॉग २ आणि २ × (लॉग ३० − लॉग २३) हे सारखे यायला हवेत. लॉग २ म्हणजे ०.३०१०, त्याचे २३/३० झाले ०.२३०८. लॉग ३० म्हणजे १.४७७१, लॉग २३ म्हणजे १.३६१७, फरक ०.११५४, दुप्पट ०.२३०८. चारही अंक जुळले! त्या बैठकीत भडंग तसंच राहिलं, सगळे वहीत वाकलेले.

माझ्या मनाला ते पटत नव्हतं. २ चं तिसावं मूळ अपरिमेय, म्हणजे अपूर्णांकात न मावणारं; त्याला तेवीस वेळा गुणून वर्गाशी, म्हणजे साध्या अपूर्णांकाशी कसं जुळवायचं? पण नुसत्या न पटण्याला गणितात किंमत नाही. मग कॅल्क्युलेटर थांबेपर्यंत दाबला: ०.७६६६६४६९६. पहिले पाच अंक २३/३० चे, सहावा वेगळा. (२३/३०)² येतं ०.५८७७७७८ आणि २^(−२३/३०) येतं ०.५८७७७४०. फरक सहाव्या दशांशात. चार अंकी टेबलाला तो दिसणंच शक्य नव्हतं; टेबलाचा यात काही दोष नाही, त्याची नजरच तेवढी.

तरीही हा ताळा झाला, सिद्धता नाही. २३/३० नसेल तर त्याच्या शेजारचा दुसरा एखादा मोठा अपूर्णांक असेल, असं कुणीही म्हणू शकतं. कॅल्क्युलेटर दहा अंकी, अपूर्णांक अगणित. इथं बरेच दिवस अडकलो. प्रत्येक नवा उमेदवार घ्यायचा, दशांश काढायचे, खोडायचा. या वाटेला अंत नाही.

सुटलं ते भाचीमुळे. ती नववीत आहे, शेजारी बसून मूळ अवयव पाडत होती. मी वहीत दोन्ही बाजूंचा ३० वा घात घेऊन अपूर्णांक काढून टाकले होते:

३०^६० = २^२३ × २३^६०

ती म्हणाली, "मामा, तीसात तेवीस कुठनं येणार?"

बघा ही ओळ. उजवीकडे २३ ने भाग जातो. डावीकडे तीसचे अवयव २, ३ आणि ५, त्यांचा साठावा घात घ्या नाही तर सहाशेवा, २३ त्यात येणारच नाही. दशांश नको, टेबल नको, कॅल्क्युलेटर नको. जे बघायला आम्ही सात अंक मोजत होतो ते अवयवांत उघडं पडलं होतं.

मग तेवीस आणि तीसच कशाला? क्ष = −अ/ब घ्या, अ आणि ब धन पूर्णांक, सहमूळ, म्हणजे दोघांत सामाईक अवयव नाही. समीकरणात घाला, दोन्ही बाजूंचा ब वा घात घ्या, छेद उडवा:

ब^(२ब) = २^अ × अ^(२ब)

अ ला एखादा मूळ अवयव असेल तर तो उजव्या बाजूला भागतो, म्हणून डाव्या बाजूलाही भागतो, म्हणजे ब ला भागतो. पण अ आणि ब सहमूळ. तेव्हा अ ला मूळ अवयवच नाही, अ = १. उरलं ब^(२ब) = २. ब = १ घातलं तर १, ब = २ घातलं तर एकदम १६. दोन मधे कुठेच नाही. संपलं. तिसरी उकल अपरिमेय आहे.

सरांना फोनवर वाचून दाखवलं. ते विलिंग्डन कॉलेजात शिकले त्या काळातलं गणित त्यांच्या बोटांवर आहे. एवढंच म्हणाले, "आता वर्गमुळाचं बघा." कारण अपरिमेय म्हटल्यानं काम अर्धंच होतं. √२ सुद्धा अपरिमेय, पण ती क्ष² = २ या साध्या समीकरणाची उकल म्हणून लिहिता येते. आपली तिसरी उकल अशा एखाद्या पूर्णांकी सहगुणकांच्या बहुपदीची उकल असेल का? म्हणजे बैजिक असेल का?

याचं उत्तर आपल्या हत्यारांनी मिळत नाही, पण तयार मिळतं. गणितज्ञ हिल्बर्ट यांनी १९०० साली पॅरिसला जे प्रश्न मांडले त्यातला सातवा याच जातीचा. गेलफोंड आणि श्नायडर यांनी १९३४ मध्ये स्वतंत्रपणे तो सोडवला: पाया बैजिक असेल (० आणि १ सोडून), आणि घातांक बैजिक पण अपरिमेय असेल, तर येणारी संख्या बीजातीत, म्हणजे कुठल्याच अशा बहुपदीत न बसणारी. आता आपल्याकडे लावा. क्ष अपरिमेय आहे हे आपण सिद्ध केलं. तो बैजिक आहे असं धरा. मग २^क्ष बीजातीत. पण २^क्ष म्हणजेच क्ष², आणि बैजिक संख्येचा वर्ग बैजिक. विसंगती. म्हणून क्ष बीजातीत. ई (२.७१८…) आणि पायच्या पंगतीत बसणारी संख्या, आणि ती निघाली कुठून, तर क्ष² = २^क्ष इतक्या साध्या ओळीतून! प्रमेय उसनं आहे, पण ते वापरायला जो अपरिमेयतेचा पुरावा लागतो तो आपला, आणि त्याशिवाय हे प्रमेय लागूच होत नाही.

काहींना माहीत आहे की लँबर्टचं डब्ल्यू फलन वापरलं की हीच उकल एका ओळीत लिहिता येते. एखादी संख्या गुणिले ई चा तितकाच घात यातून मूळ संख्या परत काढून देणारं ते फलन. नैसर्गिक लॉग घेतला तर ट = २ × डब्ल्यू(लॉग २ ÷ २) ÷ लॉग २. आपल्यातल्या दोघांचं म्हणणं, हे उत्तर नव्हे, नुसतं नाव दिलं. मला ते मान्य नाही. २^क्ष = ५ चं उत्तर आपण लॉग ५ ÷ लॉग २ असं बिनधास्त लिहितो, तेव्हा कुणी कुरकुर करत नाही; लॉग हेही कुणीतरी दिलेलं नावच आहे, सवयीनं घरचं झालेलं. नाव दिल्यावर त्याचे नियम कळतात, किंमत काढायची रीत कळते, आणि पुढच्या समीकरणात तेच परत कामी येतं. डब्ल्यूला बाहेर उभं करू नका.

हे लिहिताना वरच्या ट = २^(−ट/२) कडे परत बघत होतो आणि एक गोष्ट दिसली. २^(−१/२) म्हणजे १/√२. म्हणजे ट = (१/√२)^ट. म्हणजे बरोबरचं बटण दाबत आपण १/√२ च्या डोक्यावर १/√२, त्याच्या डोक्यावर १/√२ असा घातांचा मनोरा चढवत होतो, आणि तो ०.७६६६६४… वर स्थिरावतो!

मग धन बाजूला हेच का करू नये? तिथं क्ष = (√२)^क्ष. १ पासून सुरू केलं: १.४१४२, १.६३२५, १.७६०८, १.८४०९, हळूहळू २ कडे. ४ पण उकल आहे, तिच्याकडे का जात नाही? ३.९ पासून सुरू केलं तर ३.८६ येतं आणि पुढं २ कडेच घसरत जातं. ४.१ पासून सुरू केलं तर ४.१४ येतं आणि वर पळत सुटतं. बरोबर ४ वर ठेवलं तरच ४ वर राहतं. कारण चढ. (√२)^क्ष चा चढ २ पाशी ०.६९३, म्हणून चूक दर वेळी आक्रसते. ४ पाशी १.३८६, म्हणून फुगते. आणि आपल्या तिसऱ्या उकलीपाशी (१/√२)^ट चा चढ −०.२६६, ऋण म्हणून झोके, लहान म्हणून झटपट. तिन्ही उकलींचे तीन स्वभाव एका आकड्यात कळले.

आता बेत बदलला. २^क्ष + ५^क्ष आणखी मागं ढकलतो. ऑयलरनं दाखवलंय की असा मनोरा १ पेक्षा मोठ्या पायाला ई^(१/ई), म्हणजे १.४४४७ पर्यंतच टिकतो. √२ म्हणजे १.४१४२, त्याच्या आतच. पाया वाढवत नेला की २ आणि ४ या उकली एकमेकींकडे सरकतात आणि १.४४४७ ला ई पाशी, म्हणजे २.७१८ पाशी, एक होतात. या वाटेवर ३ चं घनमूळ बसतं, १.४४२२, अगदी काठावर. त्याचं समीकरण क्ष³ = ३^क्ष. एक उकल ३, ती दिसतेच. दुसरी २.४७८ च्या आसपास. आता मनोरा कुठं थांबेल? ३ पाशी चढ १.०९९, एकपेक्षा जास्त, म्हणजे ३ वर नाही. तो २.४७८ वर थांबतो, ३ समोर दिसत असूनही! पण तिथं चढ ०.९०७, म्हणून बटण दाबून दाबून बोट दुखेपर्यंत आकडे पुढं सरकत नाहीत. इथं नुसतं दाबत बसण्यात अर्थ नाही, न्यूटनची रीत, म्हणजे स्पर्शिकेच्या आधारानं उकलीकडे झटपट नेणारी, लावावी लागेल.

२.४७८ अपूर्णांक आहे का, हे मात्र भाचीच्या वाटेनं उभ्या उभ्या होतं. क्ष = अ/ब घातलं की अ^(३ब) = ३^अ × ब^(३ब). ब चा मूळ अवयव अ ला भागणार, म्हणून ब = १, म्हणजे उकल पूर्णांक हवी. २ आणि ३ च्या मधे पूर्णांक नाही. पहिल्यापेक्षाही लहान सिद्धता. बीजातीत असल्याचं गेलफोंड–श्नायडरवरून तसंच निघतं.

शनिवारी क्ष³ = ३^क्ष चा आलेख २ ते ३.५ एवढाच तुकडा घेऊन काढून आणतो. ई च्या आजूबाजूला दोन्ही रेषा इतक्या चिकटून जातात की टू एचनेही वेगळ्या दिसतील का शंका आहे, म्हणून दोन्ही बाजूंचा लॉग घेऊन ३ × लॉग क्ष आणि क्ष × लॉग ३ असे काढायचा विचार आहे. एक सरळ रेषा, एक वक्र, छेद उघड दिसेल. सात अंकी लॉग टेबल कुणाच्या घरी असेल तर घेऊन या. लॉग २३ आणि लॉग ३० सरांना त्यात बघायचे आहेत.