शून्य रुपयांचं तिकीट

बेळगाव बसस्टँडवर जांबोटीच्या गाडीत चढले आणि उभी राहिले. बसायला जागा नव्हतीच. कंडक्टरने माझ्या आजूबाजूच्या बायकांची कार्डं बघितली, मशीनमधून तिकिटं काढून हातात दिली आणि पैसे काही घेतले नाहीत. मीही ऐटीत आधार पुढे केलं. त्याने पत्ता वाचला. कोल्हापूर. "तुमचं फुल्ल तिकीट मॅडम."

मागून एकजण म्हणाली, "पावण्यांकडनंच वसूल करालाय बघ!" अख्खी गाडी हसली.

कर्नाटकात 11 जून 2023 पासून 'शक्ती' योजनेत तिथल्या रहिवासी बायकांना सरकारी साध्या गाड्यांतून प्रवास फुकट आहे. आमच्याकडे त्याच वर्षीच्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट, पण ते राज्याच्या हद्दीपर्यंतच. म्हणजे माझी अर्धी सवलत कागलच्या पुढे संपली आणि इथली पूर्ण सवलत मला लागू नाही. पैशाचं एवढं नाही, पण चिडचिड झाली. पुरुषांचीही होत होती. "आमी पैसे द्यायचे आणि आमीच उभं ऱ्हायाचं," असं एक काका खिडकीला ऐकवत होते.

मला खरं तर कणकुंबी बघायची होती. मलप्रभेचा उगम, माउलीचं देऊळ, पुढे चोर्ल्याचा घाट. पण माझी मामेबहीण एका छोट्या संस्थेसाठी खानापूर तालुक्यात गावोगाव फिरते. "वाटेत एक बैठक आहे, तासाभरात उरकते," म्हणाली. बचत गटाची बैठक तासाभरात उरकते असं सांगणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवू नये. दुपारचे तीन ते दिवेलागण, आम्ही तिथेच होतो.

आधी मला गोबरगॅस दाखवायला नेलं. पाहुणा आला की हा कार्यक्रम ठरलेला असावा, कारण घरातल्या काकींनी पदर नीट करून, न सांगताच शेगडी पेटवली. निळी ज्योत. मी फोटो काढला. सगळेच काढतात म्हणे. मग ज्योत फडफडून विझली. काकी शांतपणे मागच्या दारी गेल्या, पाइपाच्या खालच्या टोकाची तोटी उघडली, कपभर पाणी बाहेर आलं, तोटी बंद केली. "वाफेचं पाणी साचतंय पाइपात. आठवड्यातनं एकदा काढतो मी. नवऱ्याला अजून म्हाईत न्हाई कुठनं काढायचं ते."

जमिनीत विटांचा घुमट, एका बाजूला शेण कालवायचा हौद, दुसऱ्या बाजूला स्लरी, म्हणजे गॅस निघून गेलेलं पातळ शेण, बाहेर पडते. शेण आणि पाणी निम्मं निम्मं. दोन घनमीटरचा प्लांट चालवायचा तर रोजचं पन्नासेक किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं हवीत. पावसाळ्यात गारठ्याने गॅस कमी येतो, आणि इथला पावसाळा म्हणजे भीमगडच्या जंगलाचा पावसाळा. तेव्हा काकी परत चूल पेटवतात. पण जेव्हा गॅस असतो तेव्हा जंगलातून मोळी आणायची खेप वाचते. डोळ्यांत धूर जात नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. शेण कालवायचं काम मात्र त्यांचंच. पहाटे उठून, हातानेच. फोटोत ते येत नाही.

घरावर एक सोलरचा पत्राही होता, दोन दिव्यांपुरता. कर्नाटक सरकारच्या 'गृहज्योती' योजनेमुळे 200 युनिटपर्यंत वीज फुकट असताना सोलर कशाला, असं मी विचारलं. "बिल झिरो येतंय की. पण लाईट बी झिरोच असतीय वाऱ्यापावसात."

बैठक एका घराच्या ओसरीवर होती. मला प्लास्टिकची खुर्ची दिली, बाकी सगळ्या चटईवर. मला हे अजिबात आवडत नाही, पण खाली बसले असते तर बैठक माझ्या मनधरणीतच गेली असती. नाचणीची आंबील आली, मग फणसाचे तळलेले गरे, मग चहा. नाही म्हणायची सोय नव्हती.

विषय होता गटाच्या दोन लाखांच्या कर्जाचा. बँकेचा कागद आला होता, अख्खा कन्नडमधून. गटातल्या बहुतेक बायका मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या. बस, बाजार, दवाखाना यांच्यापुरतं कन्नड बोलतात, पण वाचायचं म्हटलं की अडतं. 1956 पासूनचा सीमावाद, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला दावा, हे बेळगावात चहाच्या गाड्यावरही ऐकायला मिळतं. इथे ओसरीवर प्रश्न एवढाच होता, की कुठे सही करायची आणि कशावर.

म्हणून नववीतल्या एका पोरीला बोलावलं. शाळेच्या गणवेशातच होती, दप्तरसुद्धा पाठीवर. शाळा मराठी, कन्नड विषय म्हणून शिकलेली. ओळीखाली बोट ठेवून आधी मनात वाचायची, मग मोठ्याने मराठीत सांगायची. बारा-पंधरा बाया गप्प. एका ठिकाणी थांबली. "हे मला येईना. सरांना इचारतो." आईच्या मोबाइलवर फोटो काढला आणि पाठवून दिला. पुढचं कलम.

"विम्याचे पैसे आधीच कापून घेणार, असं लिवलंय."

भिंतीला टेकलेली म्हातारी सावध झाली. "इमा कुणाचा? माझा?"

"व्हय आज्जी."

"मी मेल्यावर पैसे कुणाला गावणार?"

"बँकेला."

हसून हसून एकीच्या चहाचा कप लवंडला. पण म्हातारीने ते सोडलं नाही. "मग हप्ता बँकेनंच भरूं दे की." हातात नेमके किती येणार हा हिशेब वहीत मांडल्याशिवाय तिने सही केली नाही. सही म्हणजे तीन अक्षरं, पेन घट्ट धरून, पाच मिनिटं. शाईचा डबा शेजारीच होता, त्याला तिने हात लावला नाही.

सगळ्यात कडेला एक बाई बसली होती. नवरा नाही, जनावर नाही, दुसऱ्याच्या काजूच्या बागेत मजुरी. गोबरगॅस कुणाला द्यायचा याची यादी झाली, त्यात तिचं नाव येणं शक्यच नव्हतं. गोठा नाही तर शेण कुठलं? संस्थांच्या अहवालांत किती चुली धूरमुक्त झाल्या ते असतं, ज्यांच्याकडे गाय नाही त्यांचा रकाना मी तरी पाहिलेला नाही. मी हे बहिणीला तिथेच बोलले, जरा मोठ्यानेच. बहीण म्हणाली, "मग तिला काय हवंय ते तिलाच विचार की." विचारलं. "गाय," ती म्हणाली. त्यावर तासभर वाद. गाय आजारी पडली तर हप्ता कोण भरणार, दूध घालायला डेअरीपर्यंत कोण जाणार. शेवटी कर्जातला एक वाटा तिच्या नावावर लिहिला गेला, दोघींनी जबाबदारी घेतली.

दुसऱ्या दिवशी कणकुंबी पाहिली. छान आहे. चोर्ल्यात धुकं आणि गोव्याला निघालेल्या गाड्या, दोन्ही दाट.

परवा बहिणीचा फोन आला. गाय आली, दूध डेअरीला जातंय, हप्ता वेळेवर. एका गाईच्या शेणावर प्लांट चालत नाही, त्यामुळे चूल लाकडाचीच. आणि कागद वाचणारी ती पोर पुढच्या वर्षी एसएसएलसी, म्हणजे दहावी झाली की पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला खानापूरला जाणार, बस फुकट असल्यामुळे घरच्यांनीही हो म्हटलंय. आता तिच्या जागी कुणाला बसवायचं यावर गटात भांडण सुरू आहे. म्हातारीचं म्हणणं, सातवीतली चालेल, पण हिशेबात पक्की पाहिजे.